अंगावरून वारं जातं, ते नेमकं कुठून जातं?

मावशी विळीवर बसून नारळ खवत होत्या. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, चार दिवसांवर आली होती आणि नेवऱ्यांचं सारण करायचं होतं. उजव्या हातातली नारळाची वाटी सटकून परातीत पडली. त्यांनी ती उचलली, ती परत पडली. सुनेनं विचारलं, "आई, कितें जालें?" मावशींनी उत्तर दिलं, पण ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. ओठाचा उजवा कोपरा थोडा खाली आला होता.

घरात जमेल त्यानं आपापलं मत सांगितलं. कोणी पित्त म्हणालं, कोणी साखर उतरली म्हणालं. शेजारच्या काकांना शंका आली, "वारं तर गेलं नाही ना?" म्हणून मावशींना उभं करून चालवून बघितलं. त्या चालल्या. ओसरीच्या खांबापर्यंत जाऊन परत आल्या. वारं गेलं असतं तर पाय ओढला असता, असं सगळ्यांनी ठरवलं आणि घराला हायसं वाटलं. लिंबाचं सरबत देऊन त्यांना निजवलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली भागात घरोघरी जाऊन रुग्णांचे व्यायाम घेते. मावशींच्या घरी मी पोचले ती दीड महिन्यानंतर. सून हे सगळं सांगत होती आणि शेवटी तिनं एकच प्रश्न विचारला: हात गेला, बोलणं गेलं, मग पाय कसा राहिला? फार नेमका प्रश्न आहे हा. त्याचं उत्तर मेंदूला रक्त पोचवणाऱ्या रोहिण्यांच्या रचनेत आहे. तिला थोडक्यात सांगितलं होतं, इथे नीट सांगते.

"अंगावरून वारं गेलं" हा पक्षाघातासाठीचा आपला जुना शब्दप्रयोग. त्यात वाईट काही नाही, पण शरीरात जे घडतं ते वाऱ्याचं नसतं, रक्ताचं असतं. हृदयाकडून रक्त घेऊन निघणारी नळी म्हणजे रोहिणी, काहीजण तिला धमनी म्हणतात. मेंदूकडे जाणारी एखादी रोहिणी तुंबते किंवा फुटते, आणि तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग उपाशी पडतो. बहुतेक वेळा ती तुंबलेली असते. फुटण्याचं प्रमाण कमी, पण ते जास्त घातक.

मेंदूची भूक मोठी आहे. त्याचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण हृदय मिनिटाला जे पाचेक लिटर रक्त ढकलतं त्यातलं पाऊण लिटर एकटा मेंदू घेतो, आणि शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा तोच वापरतो. शिवाय त्याच्याकडे साठवण जवळजवळ नाहीच. रक्तदाब तपासताना दंडाला पट्टा आवळतात तेव्हा हाताचं रक्त थोडा वेळ अडतं, हाताला त्याचं काही वाटत नाही. मेंदूचा पुरवठा पूर्ण थांबला तर आठ-दहा सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदूची एक मोठी रोहिणी बंद पडली आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशेब २००६ साली मांडला गेला. या धंद्यात इतकी वर्षं काढूनही तो आकडा मला अजून बेचैन करतो.

हा सगळा पुरवठा चार रोहिण्या करतात. दोन मानेच्या पुढून जातात, दोन मागून.

पुढच्या दोन म्हणजे कॅरॉटिड. कंठमण्याच्या बाजूला दोन बोटं हलकेच ठेवलीत तर ठोका लागतो, ती हीच. (दोन्ही बाजू एकदम कधी दाबू नका, भोवळ येऊ शकते.) कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास तिला दोन फाटे फुटतात. बाहेरचा फाटा चेहऱ्याला आणि डोक्याच्या कातडीला रक्त देतो. आतला फाटा मानेत कुणालाच काही देत नाही, एकही फांदी न फोडता सरळ वर जातो, कवटीच्या हाडातल्या बोगद्यातून वळणं घेत आत शिरतो, वाटेत डोळ्याला एक फांदी देतो आणि मग मेंदूत पसरतो. जिथे हे दोन फाटे फुटतात तिथे रक्ताच्या धारेत भोवरे पडतात. नदीला वळणावर गाळ धरतो तसा इथे रोहिणीच्या भिंतीत चरबीचा थर धरतो. वय, रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू हा थर वाढवत नेतात. एक दिवस त्याचा कपचा उडतो किंवा त्यावर रक्ताची गुठळी बनते, आणि ती वर मेंदूत जाते.

मागच्या दोन म्हणजे व्हर्टिब्रल. त्यांची वाट मला नेहमीच नवलाची वाटते. मानेच्या सात मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात. वरच्या सहा मणक्यांच्या भोकांतून ही रोहिणी मण्यांतून दोरा ओवावा तशी ओवलेली असते. सगळ्यात वरच्या मणक्यावर ती एक वळसा घेते आणि कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकातून आत जाते. मान वळते तेव्हा त्या वळशाला ताण बसतो. म्हणूनच केस कापून झाल्यावर मान एका झटक्यात कडकन मोडून घेण्याची सवय मला धोक्याची वाटते. झटक्यानं रोहिणीचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि तिथे गुठळी धरू शकते. असं क्वचित होतं, पण होतं ते बऱ्याचदा तरुण माणसांना. खांदे खुशाल चोळून घ्या, मानेला मात्र झटका देऊ देऊ नका.

आत गेल्यावर या दोन्ही व्हर्टिब्रल एकत्र येऊन एकच रोहिणी होते, ती बॅसिलर. तिच्यावर मेंदूचा देठ, लहान मेंदू आणि मेंदूचा मागचा भाग जगतो.

मेंदूच्या तळाशी पुढच्या आणि मागच्या रोहिण्या आडव्या फांद्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांचं एक कडं तयार होतं. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं १६६४ साली ते नीट वर्णन करून त्याचं काम ओळखलं, म्हणून ते विलिसचं कडं. त्याच्या ग्रंथातली चित्रं काढण्यात ख्रिस्तोफर रेन होता, तोच ज्यानं पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उभारलं. विलिसनं एका मृताचं शवविच्छेदन केलं. त्या माणसाची एका बाजूची कॅरॉटिड पूर्ण बंद होती, तरी तो गेला होता पोटातल्या गाठीनं. मेंदूची तक्रार त्याला हयातीत कधी नव्हती. त्याच बाजूची व्हर्टिब्रल फुगून तिप्पट झाली होती आणि कड्यातून तिनं सगळा भार उचलला होता.

हे कसं होतं ते गोव्यातल्या माणसाला वेगळं समजवायला नको. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी आणि बेतीमधला भार फेरीबोटींवर आला. माणसं पोचत होती, पण रांगा लागत होत्या. मेंदूचं कडं ही अशीच पर्यायी वाट. तिच्याकडून दोन गोष्टी मात्र अपेक्षू नयेत. एक म्हणजे ती सर्वांना सारखी मिळालेली नसते. निम्म्याहून अधिक लोकांत कड्याचा एखादा दुवा केसासारखा बारीक असतो किंवा नसतोच. दुसरं म्हणजे तिला वेळ लागतो. रोहिणी वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत गेली तर पर्यायी वाट रुंदावत जाते. गुठळी एका क्षणात येऊन बसली तर तेवढा अवधी नसतो.

या कड्याची एक कमकुवत बाजूही आहे. जिथे फांद्या फुटतात त्या सांध्यांवर रोहिणीची भिंत काहीजणांत फुग्यासारखी फुगते. तो फुगा फुटला तर मेंदूभोवती रक्त पसरतं. "आयुष्यात कधी असं डोकं दुखलं नव्हतं" अशी क्षणात शिखराला पोचणारी डोकेदुखी, उलटी, मान ताठ होणं, ही त्याची खूण. अशा वेळी डोकेदुखीची गोळी घेऊन वाट बघू नये.

आता मावशींच्या पायाकडे येऊ. कॅरॉटिड आत पोचली की तिच्या दोन मोठ्या फांद्या होतात. एक मधली, एक पुढची. मधली फांदी म्हणजे कॅरॉटिडचीच जवळजवळ सरळ पुढे जाणारी वाट, म्हणून खालून आलेली गुठळी बहुतेक वेळा तिच्यातच शिरते. ती मेंदूच्या बाहेरच्या बाजूवर पसरते. पुढची फांदी आत वळते आणि मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमधल्या फटीतून जाते.

शरीर हलवणारा मेंदूचा पट्टा दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखा आहे. बाहेरच्या बाजूला खाली तोंड आणि जीभ, त्यावर हात, मग धड. पायाचा भाग दोरीवरून पलीकडे, मधल्या फटीत उतरलेला. म्हणजे तोंड आणि हात मधल्या रोहिणीच्या पाण्यावर जगतात आणि पाय पुढच्या रोहिणीच्या. मावशींची मधली रोहिणी तुंबली होती, पुढची वाहत होती. म्हणून हात गेला आणि पाय राहिला. त्या चालल्या, याचा अर्थ वारं गेलं नाही असा नव्हता. गुठळी कुठल्या फाट्यात आहे एवढंच त्या चालण्यानं सांगितलं.

बोलण्याचंही तसंच. मेंदूतून उतरणारे बहुतेक तंतू खाली येताना बाजू बदलतात, त्यामुळे डाव्या मेंदूकडे उजवं अंग. आणि बहुतेक माणसांची भाषा डाव्या मेंदूत असते. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदानं १८६१ साली असा एक रुग्ण नोंदवला ज्याला सगळं समजायचं, पण तोंडातून "तां" एवढाच ध्वनी निघायचा. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे इजा सापडली. मावशींचा "तां" म्हणजे "हय", आपलं होय. जेवलात? हय. जेवला नाहीत? हय. आणि आपलं चुकतंय हे त्यांना कळायचं, डोळे भरून यायचे. संध्याकाळी देवापुढे आरती सुरू झाली की मात्र त्याच तोंडातून शब्दामागून शब्द यायचे. सून म्हणाली, "आम्हाला वाटलं मुद्दाम बोलत नाहीत." तसं नसतं. पाठ झालेले, चालीत बसलेले शब्द आणि नव्यानं जुळवायचे शब्द यांची मेंदूतली व्यवस्था वेगळी आहे. आम्ही व्यायामात या चालीचा उपयोगही करून घेतो.

पुढची रोहिणी तुंबली तर उलट होतं. पाय जातो, हात बराचसा राहतो. कधी लघवीवरचा ताबा सुटतो. कधी माणूस गप्पच होतो. विचारलं तर बोलतो, नाहीतर भिंतीकडे बघत राहतो. घरचे समजतात, रुसला आहे.

मग हात, पाय, तोंड सगळं एकदम जातं ते कसं? मधल्या रोहिणीच्या खोडातूनच केसासारख्या बारीक फांद्या काटकोनात निघून मेंदूच्या खोल भागात जातात. तिथे पूर्ण अर्ध्या अंगाचे तंतू एका अरुंद जागेत दाटीनं उतरतात. त्यामुळे चण्याएवढी जागा मेली तरी अर्धं अंग लुळं पडतं. कुळागरात, म्हणजे माडापोफळीच्या बागेत, काम केलेल्यांना हे लगेच समजेल. पाटाच्या शेवटच्या टोकाच्या माडाला पाणी हळू पोचतं, पण मुख्य पाटालाच थेट भोक पाडलं तर पाण्याचा सगळा जोर त्यावर येतो. या बारीक फांद्यांवर खोडाचा पूर्ण दाब येतो. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला तर त्यांच्या भिंती जाड आणि ठिसूळ होतात, मग त्या बुजतात तरी किंवा फुटतात तरी. रक्तदाबानं मेंदूत होणारा रक्तस्राव बहुतेक वेळा याच खोल भागात होतो. १४०/९० च्या वरचा रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, म्हणून गोळी सुटते. माझ्या रुग्णांपैकी कितीतरी जणांनी "बरं वाटत होतं म्हणून बंद केली" असंच सांगितलं आहे. सुकी मासळी, खारवलेली कैरी, पापड हे आपल्या पावसाळ्यातलं सुख आहे, पण त्यातलं मीठ रक्तदाब वाढवतं आणि त्याचा भार याच फांद्यांवर येतो.

मागच्या रोहिण्यांचं वारं तर ओळखूच येत नाही. फोंड्याकडचे एक निवृत्त मास्तर होते. एके सकाळी त्यांना गरगरलं, उलट्या झाल्या, उचक्या लागल्या त्या थांबेनात. हातपाय दोन्हीकडचे चालत होते, पण उभे राहिले की डावीकडे कलंडायचे. आवाज घोगरा झाला होता, पाणी पिताना ठसका लागायचा. एका दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी ते न्हाणीत कढत पाणी अंगावर घेत होते आणि ओरडले. भाजलं म्हणून नव्हे, तर भाजत नव्हतं म्हणून. डाव्या खांद्यावर पाणी चटका देत होतं, उजव्या खांद्यावर तेच पाणी कोमट लागत होतं. चेहऱ्यावर मात्र उलट, डाव्या गालाला काही कळत नव्हतं.

चेहरा एका बाजूचा आणि अंग दुसऱ्या बाजूचं, अशी तक्रार कुणी सांगितली तर खोटी वाटेल. पण ती मेंदूच्या देठाचा पत्ता देते. चेहऱ्याची जाणीव वाहणारे तंतू तिथे अजून बाजू बदललेले नसतात, अंगाचे बदलून आलेले असतात. दोन्ही तिथून शेजारी शेजारी जातात. डावी व्हर्टिब्रल तुंबली, देठाचा तो कोपरा मेला, आणि दोन्ही एकदम गेले. आडोल्फ वालेनबर्ग यांनी १८९५ साली याचं वर्णन केलं आहे.

मागे आणखी वर गेलं तर दृष्टीचा भाग येतो. तिथली रोहिणी तुंबली की डोळे शाबूत राहूनही समोरच्या जगाची एक बाजू नाहीशी होते. माणूस ताटातला अर्धाच भात खातो, दाराच्या एकाच चौकटीवर आदळत राहतो. आणि खुद्द बॅसिलर बंद पडली तर सगळ्यात भयंकर. कधी माणूस पूर्ण जागा असतो, ऐकतो, समजतो, पण डोळे वरखाली करण्यापलीकडे आणि पापण्या मिटण्यापलीकडे काहीही हलवू शकत नाही. अशा माणसासमोर तो नसल्यासारखं बोलू नका, हे मी त्या घरांत हात जोडून सांगते.

कधी हे सगळं येऊन आपोआप जातं. एका डोळ्यावर पडदा उतरल्यासारखं होऊन दहा मिनिटांत सुटतं, हात लुळा पडून अर्ध्या तासात पूर्ववत होतो. लोक सुटलो म्हणतात. खरं म्हणजे गुठळी आली होती आणि विरघळली, एवढंच. ती जिथून आली ती जागा तशीच आहे, आणि पुढच्या काही दिवसांतच मोठा झटका येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवं. मावशींच्या बाबतीत ती जागा मानेत नव्हती, हृदयात होती. ठोके अनियमित पडत होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी धरली आणि तिथून वर गेली. मनगटावरची नाडी बेताल लागते का, एवढं कुणीही तपासू शकतं.

जिवंत माणसाच्या मेंदूच्या रोहिण्या क्ष-किरणांत पहिल्यांदा दिसल्या त्या १९२७ साली, लिस्बनमध्ये. एगास मोनिझ या पोर्तुगीज डॉक्टरनं कॅरॉटिडमध्ये औषध सोडून ते चित्र टिपलं. तेव्हा गोव्यावर राज्य लिस्बनचंच होतं, आणि १८४२ साली पणजीत सुरू झालेली वैद्यकशाळा, जिचं पुढे गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ, झालं, तेव्हा पंच्याऐंशी वर्षांची होती. आज आधी सीटी स्कॅन करतात, कारण पहिला प्रश्न असतो, तुंबलं की फुटलं? बाहेरून बघून ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, फुटलेलं असेल तर रक्त वाढेल. रक्तदाबाची जादा गोळीही देऊ नये, दाब एकदम उतरला तर उपाशी भाग आणखी उपाशी पडतो. सरबत, पाणी, साखर, काही तोंडात घालू नये, कारण गिळण्याचे स्नायू गेलेले असले तर ते छातीत जातं.

तुंबलेलं असेल तर गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून देता येतं. १९९५ साली ते पहिल्या तीन तासांसाठी सिद्ध झालं, २००८ मध्ये मर्यादा साडेचार तासांवर गेली. मोठी रोहिणी बंद असेल तर जांघेतून किंवा मनगटातून बारीक तार वर नेऊन गुठळी ओढून काढतात. त्याचा भक्कम पुरावा २०१५ साली आला. निवडक रुग्णांत ते चोवीस तासांपर्यंतही करता येतं, मेंदूचा किती भाग अजून जिवंत आहे ते स्कॅनवर पाहून.

तेव्हा हसायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, एक साधं वाक्य म्हणवून घ्या. त्याशिवाय अचानक तोल गेला किंवा दृष्टी गेली तरी तेच समजा. १०८ ला फोन लावा आणि "चक्कर आली" असं मोघम न सांगता "पक्षाघात वाटतो" असं स्पष्ट सांगा. रुग्णालयात पहिला प्रश्न येईल: शेवटचं नीट कधी पाहिलं होतं? लक्षणं कधी दिसली हे नव्हे. रात्री दहाला बरा निजलेला माणूस पहाटे सहाला लुळा सापडला तर घड्याळ रात्री दहापासून धरतात.

मावशींच्या सुनेला मी हा प्रश्न विचारला तेव्हा तिला आठवावं लागलं नाही. मुलाला शाळेच्या बसमध्ये, बालरथमध्ये, बसवून ती आत आली तेव्हा सासूबाई तिच्याशी बोलल्या होत्या, नारळ कमी पडेल म्हणाल्या होत्या. बालरथ साडेसातला येते. वाटी पडली ती त्यानंतर पाचेक मिनिटांत. बांबोळीचं गोमेकॉ रुग्णालय त्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. मावशींना तिथे नेलं तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते, आणि स्कॅनमध्ये त्या भागातलं वाचवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

साडेसातपासून साडेचार तास म्हणजे बारा. बाराला काय चाललं होतं, ते मी विचारलं नव्हतं. तिनं आपणहून सांगितलं. मावशी आत निजल्या होत्या, आणि ती विळीवर बसून उरलेले नारळ खवत होती.